अकरा पानांचा अभिप्राय

८ नोव्हेंबर

प्रिय टिंबूस,
अनेक आशीर्वाद.

गुंऽऽ असा एक आवाज सकाळपासून कानात घुमतोय. आधी वाटलं, फ्रिज बिघडला. मग वाटलं, कान बिघडले. मग आठवलं, हा तर प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज, एकेचाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा आम्ही पारदर्शक कागदावर शाईने लिहून न्यायचो. कागद काचेवर ठेवला की मागच्या भिंतीवर आपलंच अक्षर हत्तीएवढं होऊन उभं राहायचं. काच तापायची, कागद चिकटायचा, आणि सोलून काढताना 'चर्र' व्हायचं. माझ्या पहिल्या कॉन्फरन्समध्ये मला वीस मिनिटं मिळाली होती, तीही जेवणानंतरची. श्रोते सात. त्यांतला एक झोपलेला, एक चुकून आलेला. उरलेल्या पाचांना मी काय सांगितलं ते आठवत नाही, पण ते गुंऽऽ आणि चर्र मात्र आठवतं. शाळेत कविता म्हणताना सगळा वर्ग डोलायचा आणि बाकं एका तालात करकरायची, त्यानंतर मला इतका आवडलेला आवाज हाच.

म्हातारा एकदा सुरू झाला की थांबत नाही, असं तू म्हणायच्या आत मुद्द्यावर येतो. शुक्रवारी मुदत संपली. पाठवलास का पेपर? फोन करणार होतो, पण फोनवर तू 'हो मामा, हं मामा' करतेस आणि ठेवल्यावर माझ्या हाती काही उरत नाही. पत्र कसं, दोनदा वाचता येतं.

उन्हाळ्यात आली होतीस तेव्हा जेवणाच्या टेबलावर बटणांचा डबा पालथा करून तू तुझा प्रश्न मांडलास, तो मी रोज घोळवतोय. बटणं म्हणजे चौक, दोरे म्हणजे रस्ते. रस्ते एकेक करून समजतात. प्रत्येक रस्त्याच्या एका तरी टोकाला पहारेकरी हवा. आणि एकदा बसवलेला पहारेकरी उठवता येत नाही. इथवर जुनंच. पण तू म्हणालीस, "मामा, समजा प्रत्येकाला एकदा, फक्त एकदाच उठवून दुसरीकडे बसवायची मुभा दिली, तर किती फरक पडेल?" माझा हात ताटातच राहिला. तुझी आई असती तर म्हणाली असती, "आधी जेवा रे दोघं. पहारेकरी कुठं पळून जात नाहीत."

जूनमध्ये तुझा विद्यापीठातला करार संपतो. या कॉन्फरन्सने पेपर घेतला तर कायम करतील, नाहीतर नारळ, असं तूच सांगितलंयस. तेव्हा एका ओळीत का होईना, कळव.

तुझा मामा


२१ नोव्हेंबर

प्रिय मामा,

पाठवला. नऊ मिनिटं उरली असताना.

तुमच्या काळी पेपरवर नाव असायचं, आता नसतं. परीक्षकाला लेखक कळू नये आणि लेखकाला परीक्षक. शिवाय एक यादी भरावी लागते. नातेवाईक, गुरू, जुने सहकारी, म्हणजे ज्यांच्या हाती आपला पेपर पडता कामा नये अशी माणसं. तुझं नाव लिहायला गेले आणि हसूच आलं. म्हटलं, मामाला आता कोण पेपर वाचायला देतंय! रागावू नकोस हं. तेरा वर्षं झाली तुला निवृत्त होऊन.

खोली बदललीय, पत्ता मागे लिहिला आहे. इथे एकच खिडकी आहे आणि तिच्यातून समोरच्या इमारतीची एकच खिडकी दिसते. तिथे एक माणूस रोज सकाळी शर्टाला इस्त्री करतो. ओळख नाही, पण गुरुवारी त्याचा निळा शर्ट असतो एवढं मला माहीत झालंय.

गुडघ्याला तेल लावतोस ना? की बाटली नुसती शोभेला?

तुझी टिंबू


१४ डिसेंबर

प्रिय टिंबूस,

'मामाला आता कोण देतंय' हे तुझं वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय.

आमचा विभागप्रमुख परवा घरी आला होता. माझाच विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसून डबा खायचा, आता साहेब झालाय. त्याच्याकडे कुठल्याशा कॉन्फरन्सचे सोळा पेपर परीक्षणाला आलेत. म्हणाला, "सर, यातला एक तुमच्या जातकुळीचा आहे. माझं डोकं चालत नाही. बघून द्याल?" अशी बाहेरच्याची मदत घेणं नियमात बसतं म्हणे. तीस पानं टेबलावर ठेवली, चहा अर्धा टाकून गेला.

पेपर कुणाचा, ते मला ठाऊक नाही. नियमाने ठाऊक नसतं. विषयही सांगता येत नाही, विचारू नकोस. एवढंच सांगतो की सुरुवात सगळ्यात लहान उदाहरणापासून केलेली आहे. मोठमोठ्यांना त्याची लाज वाटते. या लेखकाला वाटलेली नाही. शितावरून भाताची परीक्षा! पहिलं पान वाचलं आणि उगाचच खिडकी उघडून आलो.

आमचे मराठीचे गुरुजी म्हणायचे, कविता कळली की नाही ते डोळ्यांना विचारू नका, जिभेला विचारा. मोठ्याने म्हणा. जिथे जीभ अडखळेल तिथे एक तर तुम्ही चुकलात, नाहीतर कवी चुकला. मी आयुष्यभर सिद्धताही तशाच वाचल्या. ही तीस पानं मी स्वयंपाकघरात फेऱ्या मारत म्हणतोय. झकास चाल आहे. फक्त चौथ्या पायरीवर जीभ अडखळते. काल तीनदा अडखळली.

जाता जाता एक, सहज. तुझ्या सिद्धतेत एकच पहारेकरी दोनदा तर मोजला जात नाही ना? बघ बरं एकदा.

तुझा मामा


३ जानेवारी

प्रिय मामा,

नसेल मोजला. आणि मोजला असला तरी पेपर आता पाठवून झालाय, परत बोलावता येत नाही. तू तुझ्या त्या दुसऱ्या पेपरकडे बघ. काम मिळालं हे छान झालं. पण स्वयंपाकघरात फेऱ्या मारताना गॅसवर काही ठेवू नकोस, मागच्या वेळचं पातेलं आठव.

माझं बरं चाललंय. इथे रोज सकाळी साडेनऊला सगळे गोल करून उभे राहतात आणि एकेकाने काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचं. बसायचं नाही. उभं राहिलं की माणसं कमी बोलतात म्हणे. माझी पाळी आली की मी खरंच कमी बोलते.

बाकी काही विशेष नाही. पत्र छोटं आहे, माफ कर.

टिंबू


१९ जानेवारी

प्रिय टिंबूस,

उभ्याने चर्चासत्र! वा! आमच्या वेळी ही पद्धत असती तर अर्धे प्राध्यापक पाठदुखीची रजा टाकून घरी बसले असते. विद्यापीठ सुधारलं म्हणायचं.

माझं काम काल संपलं. अभिप्राय अकरा पानांचा झाला. विभागप्रमुख म्हणाला, "सर, लोक अकरा ओळी लिहितात." मी म्हटलं, "म्हणूनच तुझा चहा अर्धा राहतो."

त्या चौथ्या पायरीत भोक आहे, पोरी. मी दहा वेळा ताडून पाहिलं. बाकी सगळं देखणं, आणि नेमकं तिथेच एकाला दोनदा मोजलंय. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. लेखकाची नोकरी यावर टांगलेली असली तर? मी गप्प बसलो तर कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण समजा, आलं. जूनमध्ये भरलेल्या सभागृहात, लेखक मंचावर उभा असताना, मागून कुणीतरी हात वर करून म्हणालं, "चौथी पायरी पुन्हा दाखवता का?" मी तसं होताना एकदा पाहिलंय. तो माणूस पाण्याचा पेला शोधत राहिला, पेला समोरच होता. त्यानंतर तो कुठल्याच कॉन्फरन्सला दिसला नाही.

म्हणून लिहिलं की आहे तसा घेऊ नये. आणि उरलेली दहा पानं भोक कसं बुजवायचं ते सांगण्यात घातली. माझी एक जुनी युक्ती आहे, तरुणपणी छापून आलेली, कुणीही न वाचलेली. प्रत्येक पहारेकऱ्याला ज्या रस्त्याने पहिल्यांदा बोलावलं, त्या रस्त्याचं नाव त्याला द्यायचं. मग तो एकदाच मोजला जातो. बघ, विषय सांगून बसलो! वाचून फाडून टाक हे पत्र.

शेवटी मी असंही लिहिलं की इथे लेखकाची घाई झालेली दिसते, चार दिवस मोकळ्या हवेत फिरून पुन्हा बसावं. विभागप्रमुखाने तेही खोडलं नाही. शहाणा आहे, दिसतो तितका नाही.

निकाल दहा फेब्रुवारीला. तुझाही तेव्हाच ना?

तुझा मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय टिंबूस,

दहा तारीख होऊन गेली. तुझं पत्र नाही. फोन उचलत नाहीस. बरोबर आहे. मीही उचलला नसता.

आता लपवण्यात अर्थ नाही. तो पेपर तुझा होता हे मला पहिल्याच पानाला कळलं. तोच प्रश्न, तीच एकदाच निर्णय फिरवायची मुभा. नात्यातला पेपर आला तर त्याच दिवशी परत करायचा, असा नियम आहे, आणि तो मी तुझ्या वयाहून जास्त वर्षं पाळला. या वेळी नाही पाळला. का, ते सांगतो. परत केला असता तर तुझी तीस पानं माझ्या घरातून गेली असती. तुझी पत्रं हल्ली अर्ध्या पानाची असतात. तीस पानं तू मला केव्हा लिहिली होतीस?

ती मी रोज वाचली. आणि रोज वाचून, तुझा घास तुझ्याच मामाने काढून घेतला. निकालासोबत आलेल्या अभिप्रायांतला 'दुसरा परीक्षक' मी आहे, टिंबू. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तुला खरं सांगू का? परक्याचा असता तर कदाचित मी इतका कडक झालो नसतो. 'दुरुस्ती करून घ्यावा' असं लिहून मोकळा झालो असतो. पण तुझा म्हटल्यावर मला डाग चालेना.

शिव्या दे, पण लिही.

मामा


२ मार्च

प्रिय मामा,

चार वेळा हे पत्र सुरू करून फाडलं. आता सरळच लिहिते.

तो पेपर माझा नाही. मी पाठवलाच नव्हता.

सप्टेंबरमध्येच विद्यापीठ सोडलं. करार संपायची वाट पाहिली नाही. एका कंपनीत लागले. घरोघरी पार्सलं पोचवणारी कंपनी आहे, आणि कुठली गाडी कुठल्या रस्त्याने जाईल ते आम्ही ठरवतो. सकाळी साडेनऊला उभे राहतो ते इथे. नऊ मिनिटांचं, त्या यादीचं, सगळं मी रचून लिहिलं. तुझ्या नावावर हसू आलं तेवढं मात्र खरं. ते तुझी आठवण येऊन आलं होतं.

तो प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता, मामा. असे प्रश्न हवेत असतात. जगात दहा ठिकाणी दहा जण एकाच वेळी त्याच्या मागे लागलेले असतात. तुझ्या डिसेंबरच्या पत्रात मला शंका आली होती की तू भलत्याच माणसाला टिंबू समजून वाचतोयस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. आणि तू इतका खुशीत होतास.

का नाही सांगितलं, तेही लिहिते. तीन वर्षं मी एका खोलीत एक फळा घेऊन बसले. कॉन्फरन्सला जायचे, गळ्यात नावाची पट्टी अडकवून कॉफीचा पेला धरून उभी राहायचे. लोक आधी पट्टी वाचायचे, मग चेहऱ्याकडे न बघताच पुढे जायचे. परत आले की तुझं पत्र आलेलं असायचं. त्यात माझ्या सिद्धतेची चौकशी असायची. माझी नसायची. तुला दोष देत नाही. तुला वाटायचं, दोन्ही एकच.

आता मला झोप लागते. एवढंच सुख आहे सध्या, पण आहे.

फक्त एक विचारते. तो पेपर माझा नव्हता, तर ती अकरा पानं तू लिहिलीस कुणाला?

टिंबू


११ मे

मामा,
दोन महिने झाले. निदान भांड तरी. शेजारच्यांना फोन केला तर म्हणाले, "तुझे मामा ठणठणीत आहेत, बागेत स्वतःशीच बडबडत फिरतात." मग मला दोन ओळी लिहायला काय होतं?
टिंबू


१९ जून

प्रिय टिंबूस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी बदललीस म्हणून रुसलो नव्हतो. तेवढा नतद्रष्ट मी नाही. आधी थोडा रुसलो होतो, पण तो राग आठवडाभरात ओसरला. मग एक उद्योग केला. मी तुला लिहिलेल्या पत्रांच्या नकला ठेवतो, तुला माहीत आहे. तीन वर्षांच्या सगळ्या काढून बसलो आणि एकच गोष्ट शोधली: 'जेवलीस का' असं मी कुठे विचारलंय? एकदाही नाही. गुडघ्याचं तेल, गॅसवरचं पातेलं, सगळी विचारपूस तुझ्याकडून. माझ्याकडून पायऱ्या, मुदती, निकाल. असला मामा असण्यापेक्षा परीक्षक असलेला बरा, निदान वर्षातून एकदाच छळतो. हे समजल्यावर लेखणी उचलवेना. म्हणून तीन महिने.

तर आता विचारतो. जेवणाचं काय करतेस? डबा की कॅन्टीन? त्या गोलात उभी राहतेस तेव्हा तुझ्या शेजारी कोण असतं? ते इस्त्रीवाले गृहस्थ अजून दिसतात का? आणि तुमच्या गाड्या चालवणारी माणसं तुम्ही आखलेल्या रस्त्याने खरंच जातात, की आपल्या मनाने? माझी खात्री आहे, मनानेच जात असणार.

तू विचारलंस, ती अकरा पानं कुणाला लिहिली. त्या प्रश्नाने मला पार पोखरून काढलंय. गेल्या आठवड्यात ती कॉन्फरन्स झाली. विभागप्रमुख जाऊन आला, तिथलं पेन घेऊन आला माझ्यासाठी. मी ते खाली ठेवून दिलं. तिकडे कुणीतरी आहे, टिंबू, ज्याचा पेपर मी दुसऱ्याच्या मायेने वाचला आणि दुसऱ्याच्याच मायेने नाकारला. परका समजून वाचला असता तर तो मंचावर उभा राहिला असता. चूक मी केली, शिक्षा त्याला. विभागप्रमुखाला म्हटलं, "मला त्या लेखकाची माफी मागायचीय, नाव सांग." तो म्हणाला, "सर, मलाही ठाऊक नाही. नाकारलेल्या पेपरच्या लेखकाचं नाव आम्हालाही कळवत नाहीत." म्हणजे माफी मागायलाही पत्ता नाही. पत्र लिहायचं तरी कसं

बेल वाजली, उठलो. परत आलोय तो फक्त हे लिहायला.

दारात एक बाई आहेत. पन्नाशीच्या. खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. घाम पुसत त्यांनी आधी दारावरची पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

"पाच तास बसमध्ये होते," म्हणाल्या. "तुम्ही घरी नसता तर पंचाईत होती. तंत्रनिकेतनात शिकवते मी. पहिल्या वर्षाच्या मुलांना. पेपर वगैरे घरी लिहिते, माझी मी."

मला काहीच कळेना. म्हटलं, "मी शिकवण्या घेत नाही हो आता."

"शिकवणी नकोय. नऊ वेळा माझे पेपर परत आले, सर. नऊही वेळा अभिप्राय चार ओळींचा. यंदा अकरा पानांचा आला." पिशवीतून त्यांनी ती पानं काढली. समासात हिरव्या शाईने इतकं लिहिलं होतं की मूळ मजकूर अंग चोरून बसला होता. "कॉन्फरन्सचं पुस्तक निघालं. त्याच्या शेवटी बाहेरून मदत केलेल्या परीक्षकांची यादी असते. एकशे चौऱ्याऐंशी नावं. आणि पहारेकऱ्यांना रस्त्यांची नावं द्यायची ही युक्ती जगात एकाच जुन्या लेखात आहे. तो मी वाचलाय. त्या लेखकाचं नाव यादीत सापडलं."

मी म्हणालो, "बाई, तुमचा पेपर माझ्यामुळे गेला. मला तुमची..."

"गेला तो बरोबर गेला. भोक होतंच," त्या मला तोडत म्हणाल्या. "पण सातव्या पानावर तुम्हीही चुकलाय, सर. ज्या रस्त्याने बोलावलं त्याचं नाव पहारेकऱ्याला दिलंत. ठीक. पण त्याला तिथून उठवून दुसरीकडे बसवलं की मग तो कुणाचा? गेले चार महिने मी तेवढंच करतेय. दाखवू?"

त्यांना म्हटलं, थांबा, चष्मा घेऊन येतो. म्हणून आत आलो आणि उभ्याउभ्याच हे तुला लिहिलं. चष्मा डोळ्यांवरच आहे. आणि बाईंना 'आत या' म्हणायचं राहूनच गेलंय. जातो.

मामा